एल्मर कीथ आणि त्याची सहाबारी

जिम कॉर्बेट हे नाव ठाऊक नसलेला मराठी वाचक सापडणे कठीण. कुमाऊंचे नरभक्षक वाघ, रुद्रप्रयागचा बिबट्या या कथा आपल्यापैकी अनेकांनी शाळकरी वयात एका बैठकीत संपवलेल्या असतील. त्या कथांमध्ये कॉर्बेटची एक दुनळी रायफल पुन्हा पुन्हा भेटते. लंडनच्या जेफरी कारखान्याची, ४५०/४०० बोअरची. कॉर्बेट १९५५ साली केनियात वारला. त्याची ही रायफल हातोहात फिरत शेवटी अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, सॅमन नावाच्या डोंगरातल्या लहानशा गावी, एल्मर कीथ नावाच्या माणसाच्या संग्रहात जाऊन पोचली. २०१५ साली त्या संग्रहाचा लिलाव झाला तेव्हा एकट्या या रायफलीला अडीच लाख डॉलरहून जास्त किंमत आली.

हा एल्मर कीथ कोण? आपल्याकडे त्याचे नाव फारसे कानावर आलेले नसते. पण अमेरिकेत ज्यांना बंदुकांचा शौक आहे, जे स्वतःची काडतुसे घरी भरतात, त्यांच्यात कीथ म्हणजे आपल्याकडच्या गवयांत एखाद्या घराण्याचा मूळ पुरुष असावा तसा. त्याला मानणारे आहेत, त्याला थापाड्या म्हणणारे आहेत, पण त्याचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

शस्त्र हा विषय आपल्या घरांना तसा परका नाही. होळकर-शिंद्यांच्या पदरी म्हणून इकडे माळव्यात आलेल्या कित्येक कुटुंबांत दसऱ्याला आजही एखादी गंजलेली तलवार, एखादी ठासणीची बंदूक पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिले जाते. ज्यांच्याकडे परवान्याची चालती बंदूक आहे त्यांना निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते, हे मी सरकारी नोकरीत दर निवडणुकीला पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर एका परवानाधारकाला दोनच हत्यारे ठेवता येतात, आणि घरी बसून काडतुसे भरणे हा आपल्याकडे छंद नसून गुन्हा ठरेल. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते सगळे तिकडचे, त्या मुलखातले आणि त्या काळातले आहे असे समजूनच वाचावे.

एल्मर मेरिफिल्ड कीथचा जन्म ८ मार्च १८९९ रोजी मिसूरी राज्यातल्या हार्डिन गावी झाला. तो लहान असतानाच कुटुंब पश्चिमेकडे सरकत मॉन्टाना राज्यात आले. त्या वेळचा मॉन्टाना म्हणजे अर्धा जुना आणि अर्धा नवा मुलूख होता. रेल्वे आली होती, तारायंत्र आले होते, पण १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात लढलेले म्हातारे अजून गावात काठी टेकत फिरत होते. ज्यांनी माळरानावरचे रानरेडे हजारांनी मारले ते शिकारीही अजून जिवंत होते. हे शिकारी महिनोन् महिने दुकानापासून दूर राहत. त्यांच्या गाडीत शिशाच्या लगडी, दारूची पिंपे आणि गोळ्या ओतायचे साचे असत. दिवसा मारायचे आणि रात्री शेकोटीजवळ दुसऱ्या दिवसाची काडतुसे भरायची, असा त्यांचा क्रम. लहान एल्मर या म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून हे ऐकत वाढला. त्याची शाळा बेताचीच झाली. खरी शाळा ही.

बाराएक वर्षांचा असताना मिसूला शहरात ज्या भाड्याच्या घरात कीथ कुटुंब राहत होते त्याला रात्री आग लागली. एल्मर इतका भाजला की तो वाचेल असे डॉक्टरांना वाटत नव्हते. तो वाचला, पण मान आणि खांद्याची कातडी आक्रसली आणि डावा हात भलत्याच बाजूला वळून जखडून बसला. हात सरळ करण्याची जबाबदारी घ्यायला डॉक्टर तयार होईनात. तेव्हा या मुलाने घरच्यांनाच ती बोटे मोडून सरळ करायला लावली, असे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. हात पुरता पहिल्यासारखा झाला नाही, पण कामाचा झाला. याच हाताने त्याने पुढे रानटी घोडे वठणीवर आणले, खेचरांचे तांडे हाकले, राष्ट्रीय रायफल स्पर्धांत आयडाहोच्या संघातून नेम धरला. माणूस बुटका होता. पुढच्या आयुष्यातल्या फोटोंत तो नेहमी एका प्रचंड रुंद काठाच्या टोपीखाली आणि तोंडात चिरूट धरून दिसतो. ती टोपी काहींना नाटकी वाटे. मला मात्र त्या टोपीखालचा भाजलेला मुलगा आधी दिसतो.

आता काडतूस भरणे म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून कीथचे आयुष्य कळायचे नाही. काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की टोपी जळते, दारू जळते, गोळी जाते. पुंगळी मागे उरते, आणि चारांत सगळ्यात महाग तीच. तेव्हा रिकामी पुंगळी साफ करायची, फुगली असेल ती दाबून पूर्ववत मापात आणायची, नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची आणि शिशाची नवी गोळी दाबून बसवायची. पुन्हा काडतूस तयार. दारूचे वजन ग्रेनमध्ये करतात. आपल्या सोनाराची एक गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन. म्हणजे हा तराजू सोनाराच्याच जातीचा, आणि एखाद्या गुंजेची चूक इथे सोन्याच्या हिशोबापेक्षा पुष्कळ महाग पडते.

कीथने हे सुरू केले ते पैशांसाठी. गुरांमागे फिरणाऱ्या घोडेस्वाराच्या पगारात कारखान्याची काडतुसे हवी तेवढी विकत घेणे परवडत नसे. पण लवकरच दुसरे कारण पहिल्यापेक्षा मोठे झाले. रिव्हॉल्व्हर, ज्याला आपल्याकडे पूर्वी सहाबारी म्हणत, हे त्या मुलखात शोभेचे हत्यार नव्हते. पाय रिकिबीत अडकून घोडा फरफटत नेऊ लागला, चवताळलेला बैल अंगावर आला, तर रायफल खोगिराला राहते आणि कमरेला असेल तेच कामी येते. कीथच्या मते कारखान्यात भरलेली सहाबारीची काडतुसे या कामाला फार मिळमिळीत होती. ती जोरदार कशी करता येतील, या एका प्रश्नामागे त्याने पुढची तीस वर्षे घालवली.

पहिले उत्तर त्याच्या तोंडावरच फुटले. ४ जुलै १९२५, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. आनंदाचे बार काढायला म्हणून कीथने आपले जुने ४५ बोअरचे कोल्ट हातात घेतले. काडतुसे त्याची स्वतःची, जड गोळीची आणि खच्चून दारू भरलेली. बार निघाला आणि सहाबारीच्या फिरत्या चकतीचा वरचा अर्धा भाग, त्याच्या वरची लोखंडी पट्टी घेऊन, उडून गेला. कीथला गंभीर इजा झाली नाही, हा केवळ योग.

अशा वेळी शौकीन माणूस काय करतो? बहुतेक जण तुकडे गोळा करून गप्प बसतात, किंवा कारखान्याला शिव्या देतात. कीथने तुकडे गोळा केले आणि ते का तुटले याचा विचार करून त्याच वर्षी अमेरिकन रायफलमन या मासिकाला सगळी हकिगत लिहून पाठवली. त्याच्या लेखनाची सुरुवात अशी आपल्याच फुटलेल्या पिस्तुलाच्या वर्णनाने झाली.

कारण समजायला फार कठीण नव्हते. यंत्र शाखेची पदविका करताना आम्हाला पातळ भिंतीच्या सिलिंडरवर एक आख्खे प्रकरण होते. बॉयलर असो की गॅसची टाकी, आतला दाब भिंतीला परिघाच्या दिशेने फाडू पाहतो आणि भिंत जितकी पातळ तितका ताण जास्त. ४५ बोअरच्या कोल्टच्या चकतीत सहा मोठी भोके असतात, त्यामुळे दोन भोकांमधली आणि बाहेरची भिंत फार पातळ उरते. त्यात चकती जागेवर अडकावी म्हणून बाहेरून खाचा पाडलेल्या, त्या नेमक्या भोकावरच. म्हणजे जिथे धातू सगळ्यात कमी, तिथेच तो आणखी खरवडलेला. कीथने हे गणित कागदावर केले की नाही कोण जाणे, पण उत्तर त्याने बरोबर काढले. तेवढ्याच मापाच्या चकतीत भोके जराशी लहान पाडली तर भिंत जाड राहील. म्हणून त्याने ४५ सोडले आणि १९०७ सालापासून बाजारात असलेले ४४ स्पेशल हे काडतूस धरले.

मग गोळी. त्या काळच्या सहाबारीच्या गोळ्या टोकाशी गोल असत. गोल टोक मांसातून सरकून जाते, फारसे काही करत नाही. कीथने गोळीचे टोक सपाट केले, त्यामागे एक धारदार खांदा ठेवला, नळीच्या आट्यांत नीट पकड बसावी म्हणून सारख्या रुंदीच्या तीन पट्ट्या दिल्या आणि मेण-चरबी भरायला एक खोल, चौकोनी खाच पाडली. दिसायला काही खास नाही. आपल्याकडे वजनकाट्याचे जुने पितळी माप असते ना, वर मुंडी आणि खाली धड, साधारण तसे. आयडियल कंपनीने, जी पुढे लायमन या नावाने ओळखली गेली, या गोळीचा साचा ४२९४२१ या क्रमांकाने विकायला काढला. दूरच्या गावांतली माणसे आपल्या स्वयंपाकघरात शिसे वितळवून कीथची गोळी ओतू लागली.

१९२६ मध्ये त्याने लॉरेन रँडलशी लग्न केले. दोघांनी ऑरेगन राज्यातल्या डर्की गावाजवळ आणि पुढे आयडाहोत सॅमन नदीच्या नॉर्थ फोर्क भागात शेती आणि जनावरे केली. पैसा कधीच फार नव्हता. शिकारीच्या मोसमात वाटाड्या म्हणून पाहुणे न्यायचे, हिवाळ्यात लिहायचे. त्याचे लिखाण कच्चे असे, शुद्धलेखनाच्या नावाने आनंद, संपादकांना ते सरळ करता करता घाम फुटे. पण मजकूर अस्सल असे, कारण त्याने जे लिहिले ते आधी हाताने केलेले असे.

डर्कीच्या शेतावरच एकदा एक पाहुणा आला. हॅरोल्ड क्रॉफ्ट, पार दुसऱ्या टोकाच्या फिलाडेल्फिया शहरातला. सुटकेस उघडली तर आत कपड्यांऐवजी त्याने स्वतः बदल करून घेतलेल्या सहाबाऱ्या. देशाच्या या टोकाहून त्या टोकाला, आगगाडीने, एका गरीब शेतकऱ्याकडे, केवळ सहाबारीचा घोडा कसा असावा आणि मूठ कशी असावी यावर बोलायला. ज्यांना कशाचाच छंद नाही त्यांना हे वेड वाटेल. नाण्यांच्या किंवा जुन्या तबकड्यांच्या मागे असणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. दोघांनी दिवसच्या दिवस बार काढले, वाद घातले आणि त्यातून कीथने आपल्या मनातली आदर्श सहाबारी कारागिरांकडून घडवून घेतली. ती पाचव्या क्रमांकाची म्हणून प्रसिद्ध आहे. हस्तिदंती मूठ, रुंद घोडा, जुळवून घेता येणारी माशी, बळकट केलेला सांगाडा. एप्रिल १९२९ च्या अमेरिकन रायफलमनमध्ये तिच्यावरचा लेख छापून आला आणि कीथचे नाव झाले.

शौकिनांच्या जगात एक गोष्ट मी नेहमी पाहिली आहे. काही जण वस्तू जमवतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. काही जण ती वापरतात, झिजवतात, मोडतात, बदलतात. कीथ दुसऱ्या जातीचा. त्याच्या सगळ्या सहाबाऱ्या बार काढून काढून झिजलेल्या. कोरड्या डोंगरउतारावर दूरचा एखादा दगड धरायचा आणि बार काढायचा. गोळी कुठे पडली ते उडालेल्या धुळीवरून कळते. अशा सरावात त्याने सहाबारीने शेकडो यार्डांवर नेम धरायची रीत बसवली. पुढच्या माशीवर त्याने सोन्याच्या बारीक आडव्या रेघा बसवून घेतल्या. लांबचा नेम असेल तेव्हा लक्ष्याच्या वर अंदाजाने आकाशात नेम न धरता माशी वर उचलायची आणि अमुक रेघेवर लक्ष्य ठेवायचे. लांबी वाढली की वरची रेघ सोडून खालची धरायची. इतके साधे.

१९३० च्या दशकात हर्क्युलिस कंपनीची २४०० या नावाची मंद जळणारी दारू आली आणि कीथला हवे होते ते मिळाले. दारू एकदम जळली तर दाब एकदम चढतो आणि भिंत फाटते. सावकाश जळली तर तोच जोर गोळीला नळीभर मिळत राहतो. कुकरच्या शिट्टीसारखे नव्हे, बैलाने गाडी ओढावी तसे. १९३५ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने ३५७ मॅग्नम हे जोरदार काडतूस आणले. त्यात फिलिप शार्प आणि कंपनीचे डग्लस वेसन यांचे श्रेय मुख्य, पण कीथच्या प्रयोगांचाही वाटा होता. कीथचे समाधान झाले नाही. त्याला मोठी, जड गोळी हवी होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दाब मोजायचे यंत्र कीथजवळ नव्हते. रिकामी पुंगळी हेच त्याचे मापक. टोपी चपटी झाली का, पुंगळी बाहेर यायला अडते का, बुडाशी फुगलीय का, हे पाहून तो आत काय घडले ते ताडत असे. आजचे जाणकार सांगतात की ही लक्षणे फार उशिरा दिसतात, आणि काही वेळा दिसतच नाहीत. म्हणूनच त्याचे ते जुने जोरदार प्रमाण आजच्या कंपन्यांच्या पुस्तकांत बहुधा सापडत नाही. पुस्तकांनी ते खाली आणले आहे. कीथ धीट होता, नजर पक्की होती, आणि १९२५ नंतर नशीबही बरे होते. त्याचे लेख वाचून दूर कुठेतरी कुणी दुसरा माणूस आपल्या जुन्या सहाबारीत तेच भरत असेल, त्याच्यापाशी यातले काय काय होते? हा प्रश्न मला कीथबद्दल वाचताना सतत पडत राहिला. बंदूक कारखान्यांनाही नेमका तोच पडला होता.

दुसऱ्या महायुद्धात कीथ युटा राज्यातल्या ऑग्डेन शस्त्रागारात छोट्या हत्यारांचा तपासनीस होता. तपासून पास केलेल्या रायफलीच्या लाकडी दस्त्यावर तिथे शिक्का मारत. त्या शिक्क्यातली ओजी ही अक्षरे ऑग्डेनची, आणि ईके ही एल्मर कीथची असे मानणारे बरेच आहेत. सरकारी तपासनिसाच्या शिक्क्याला लोक मागे काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण हा शिक्का असलेली रायफल आज तिकडचे संग्राहक शोधत फिरतात.

युद्ध संपल्यावर त्याने पुन्हा तोच धोशा लावला. ४४ स्पेशलमध्ये मी स्वतः भरतो तसे काडतूस कारखान्याने करून द्यावे. कंपन्या कचरत होत्या, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. देशभर ४४ स्पेशलच्या जुन्या, कमकुवत सहाबाऱ्या पडून होत्या. असले काडतूस बाजारात आले आणि कुणी ते आजोबांच्या पिस्तुलात घातले, तर ४ जुलै १९२५ घरोघर घडेल. स्मिथ अँड वेसनचे प्रमुख कार्ल हेलस्ट्रॉम आणि रेमिंग्टन कंपनी यांनी शेवटी त्यावर जो तोडगा काढला तो मला या साऱ्या कथेत सगळ्यात आवडतो. नव्या काडतुसाची पुंगळी त्यांनी इंचाचा आठवा भाग लांब केली. बस. तेवढ्याने ते जुन्या सहाबारीच्या भोकात पूर्ण बसत नाही आणि चकती फिरत नाही. उलट जुने काडतूस नव्या सहाबारीत खुशाल चालते. कुठली सूचना नको, इशारा नको. चूक करायची म्हटले तरी करता येणार नाही. १९५५ च्या अखेरीस पहिल्या सहाबाऱ्या तयार झाल्या आणि १९५६ मध्ये त्या बाजारात आल्या. काडतुसाचे नाव ४४ मॅग्नम. पहिल्यांपैकी एक सॅमनला कीथकडे आली. रेमिंग्टनने भरलेले काडतूस कीथने मागितले होते त्याहूनही जोरदार निघाले, आणि त्यावर त्याने तक्रार केल्याचेही नमूद आहे. तीस वर्षे मागितलेली वस्तू दारात आली तरी हा गृहस्थ चूक काढणारच.

याच सहाबारीने त्याने सहाशे यार्डांवरून हरीण मारल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. सहाशे यार्ड म्हणजे अर्धा किलोमीटरहून जास्त. सोबतच्या शिकाऱ्याने रायफलीने जखमी केलेले हरीण डोंगर चढून निसटत होते आणि तडफडत मरणार होते, म्हणून आपण बार काढले, असे कीथचे म्हणणे. गोळ्या कुठे पडतात ते धुळीवरून पाहत त्याने नेम सरकवत नेला. यावर अमेरिकेत आजवर इतकी शाई खर्च झाली आहे की विचारू नका. माझ्या मते नेम अशक्य नव्हता. त्याचा लांबचा सराव पाहता आणि चारसहा बार काढायची मुभा असता तो लागू शकतो. पण धडधाकट जनावरावर इतक्या लांबून बार काढणे म्हणजे त्याला लंगडे करून सोडणे, आणि कीथनेही तसे कुणाला करायला सांगितलेले नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हा वादच मिटवला, ते बरे झाले.

वाद मात्र कीथला प्रिय. त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धी जॅक ओकॉनर. तो अॅरिझोना विद्यापीठात पत्रकारिता शिकवलेला प्राध्यापक, भाषा सफाईदार, आउटडोअर लाइफ या मासिकाचा बंदूक-संपादक. त्याचे म्हणणे, २७० सारख्या लहान बोअरची हलकी, वेगवान गोळी नीट जागी लागली की मोठ्या जनावरालाही पुरते. कीथचे म्हणणे, गोळी मोठी आणि जडच हवी. नेम थोडा चुकला तरी काम व्हायला हवे. एक लेखणीचा बहाद्दर, दुसऱ्याला व्याकरण येत नाही. दोघांच्या चाहत्यांचे तट पडले ते पडलेच. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीनंतर चहाच्या टपरीवर जे चालते तेच, फक्त विषय वेगळा. कीथने जड गोळीचा हट्ट रायफलीतही धरला. चार्ल्स ओनील आणि डॉन हॉपकिन्स या दोन मित्रांबरोबर त्याने ३३३ ओकेएच नावाचे काडतूस घडवले. १९५८ साली विंचेस्टर कंपनीने ३३८ मॅग्नम आणले, त्याची पूर्वपीठिका या तिघांच्या प्रयोगांत सापडते. ४१ मॅग्नम १९६४ साली आले, त्यामागेही बिल जॉर्डनबरोबर कीथचा आग्रह होता. पोलिसांसाठी म्हणून आणलेले ते काडतूस फारसे रुजले नाही.

पुस्तके त्याने बरीच लिहिली. सहाबारीवरचे ‘सिक्सगन्स’ १९५५ साली निघाले आणि या विषयात ते आजही हाताशी ठेवले जाते. आफ्रिकेच्या दोन वाऱ्या केल्या, त्यावरही पुस्तक झाले. इंग्लिश बनावटीच्या दुनळी रायफलींचा त्याला विशेष लोभ होता आणि कॉर्बेटची रायफल त्याच लोभापायी त्याच्याकडे आली असणार. १९७३ साली अमेरिकेतल्या पिस्तूलबाजांसाठीचा एक मोठा सन्मान सुरू झाला, त्याचा पहिला मानकरी कीथ.

मग १९७१ चा तो सिनेमा, डर्टी हॅरी. क्लिंट ईस्टवूडच्या हातात ४४ मॅग्नम. तोवर ही सहाबारी म्हणजे शिकारी आणि घरी काडतुसे भरणारे यांचा खास माल. सिनेमा चालला आणि दुकानांत तिच्यासाठी रांगा लागल्या. ज्यांनी आयुष्यात बैल अंगावर घेतला नाही, ज्यांना तिचा धक्का दोन बार सोसवत नव्हता, त्यांनीही ती विकत घेतली. कीथच्या डोक्यात होता तो डोंगरात एकटा असलेला घोडेस्वार. शहरातल्या गल्लीत माणसावर रोखलेले पिस्तूल त्यात नव्हते. पण घरातल्या बाकावर भरलेले काडतूस एकदा कारखान्यातून खोक्यांनी निघू लागले की ते कुणाच्या हाती जाईल यावर बनवणाऱ्याचा ताबा राहत नाही. अमेरिकेत बंदुकांनी दरवर्षी किती माणसे मरतात ते आपण बातम्यांत ऐकतोच. तो दोष एका शौकिनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल; त्याचा यात काहीच संबंध नाही असेही मला म्हणवत नाही.

आत्मचरित्र त्याने १९७४ मध्ये लिहिले आणि ते वाढवून १९७९ मध्ये नव्या नावाने काढले. त्यात बढाया आहेत, अविश्वसनीय प्रसंग आहेत, आणि मधेच आगीत जळलेल्या त्या मुलाचे कोरडे, सरळ वर्णन आहे. १९८१ साली त्याला पक्षाघात झाला आणि लिहिणे, बार काढणे सगळे थांबले. उरलेली वर्षे शुश्रूषागृहात गेली. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी, पंच्याऐंशी पूर्ण व्हायला महिना असताना, तो वारला. लॉरेनची साथ जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांची. त्याच्या घोड्यांच्या, कर्जाच्या आणि दारूच्या धुराच्या संसारात ती कशी निभावली, हे त्याच्या पुस्तकांत फार थोडे येते, आणि ते जास्त यायला हवे होते.

४२९४२१ क्रमांकाचा साचा लायमन कंपनीच्या यादीत अजून आहे. कीथ हयात असतानाच कंपनीने कधीतरी त्या मेण-चरबीच्या खाचेचे कोपरे गोल केले होते, कारण गोल खाचेतून ओतलेली गोळी साच्यातून पटकन सुटते. कीथने त्यावर बरेच आकांडतांडव केले. आजही तिकडचे जुने शौकीन मोडीच्या बाजारात असा साचा दिसला की तो उघडून आधी बोटाने खाच चाचपतात. चौकोनी लागली तर घेतात.